सोड्यांची सखोल चौकशी

"आई, मला सोड्यांची खिचडी हवीय," जाई म्हणाली आणि तिने पोह्यांची बशी बाजूला सारली.

सरोजिनीबाई टिपणिसांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी गॅस बंद केला. लेकीला सातवा महिना होता. हैदराबादहून ती थोड्या दिवसांसाठी सीवूड्सला आई-वडिलांकडे आली होती. सोमवारी परत जायची, आणि पुढे डॉक्टर विमानात बसू देणार नव्हते, म्हणून बाळंतपणही तिकडेच. आल्यापासून तिने आमरसाला नाक मुरडलं होतं, पुरणपोळी बघून तर ती पानावरून उठून गेली होती. आई पदर खोचून तयार, आणि पोरीला डोहाळेच लागत नव्हते. आता लागले ते थेट सोड्यांचे. सीकेपी घरातलं पोर शेवटी.

सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी, पण ही झाली बाहेरच्यांसाठी व्याख्या. टिपणिसांच्या घरात सोड्यांबद्दल बोलताना माणसं आवाज जरा खाली आणतात.

"आहेत ना घरात?" जाईने विचारलं.

"कुठून असणार? चांगुणाबाई यायची बंद झाली त्याला वर्ष होईल आता." हे बोलताना सरोजिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पण न पाहण्याचीही एक तऱ्हा असते, आणि मधुकररावांना ती लग्नापासून ओळखीची होती. त्यांनी पेपर थोडा वर धरला.

चांगुणाबाई ही सुक्या मासळीची टोपली घेऊन बारा वर्षं त्यांच्या दारावर येणारी बाई. ती कुठून येते, कुठे राहते, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. टोपली उघडली की दुसरं काही सुचायचंच नाही. गेल्या वर्षी सागरकिरण सोसायटीच्या गेटवर ॲप बसलं आणि 'ओळख पटल्याशिवाय कोणाही विक्रेत्यास आत सोडू नये' असा ठराव झाला. ठराव मांडला मधुकररावांनी. चांगुणाबाईजवळ ओळखपत्र नव्हतं, नुसते सोडे होते.

"बाजारातून आणू का?" मधुकरराव पेपराआडून म्हणाले.

"मागे आणले होते तुम्ही. भिजत घातले तर पाणी गुलाबी झालं."

तोवर जाईने फोन काढला होता. "आई, हे बघ. 'आगोट' म्हणून ऑनलाइन दुकान आहे. पावसाळ्याआधीची बेगमी घरपोच. सोडे, जवळा, बोंबील, सगळं. आणि आहे कुठे, तर करावे गावात. आपल्या इथेच."

"थांबा," मधुकरराव म्हणाले आणि पेपर खाली आला.

आता हे सांगायला हवं की मधुकररावांनी सगळी हयात एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात घालवली होती. जळालेल्या गोदामात आधी माल होता का, चोरीला गेलेली गाडी मेहुण्याकडे तर उभी नाही ना, मेलेला माणूस खरोखर मेलाय का, हे बघायचं त्यांचं काम. असा माणूस गेल्या दिवाळीत ऑनलाइन फसला. पायांना मसाज करणारं मशीन मागवलं, आणि खोक्यातून टाच घासायच्या दोन वजऱ्या निघाल्या. "पायाचंच आहे की," असं सरोजिनीबाई म्हणाल्या होत्या, आणि ते त्यांना जास्त लागलं होतं. तेव्हापासून ऑनलाइन दुकानं ओळखणं हेच त्यांचं जीवितकार्य झालं. सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी या विषयावर व्याख्यानही दिलं. त्यातलं 'कार्ड काय, कोणीही छापतं' हे वाक्य लोकांना फार आवडलं होतं.

त्यांनी जाईच्या हातातून फोन घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"फोटोत नुसते हात आहेत. हिरव्या बांगड्या घातलेले. तोंड का लपवलंय?"

"अहो, सोडे हातांनीच सोलतात."

"पत्ता बघ. करावे गाव, देवळामागे, पिवळी बिल्डिंग. घर नंबर नाही, गल्ली नाही."

"बाबा, गावात असेच पत्ते असतात. रिक्षाने दहा मिनिटं लागतील. जाऊन बघून या ना."

"छे. ज्याची चौकशी करायची त्याला सुगावा लागू द्यायचा नसतो." मधुकररावांनी खालचे अभिप्राय उघडले. "सगळ्यांनी पाच तारे दिलेत. म्हणजे घरचीच माणसं."

"एकाने एकच दिलाय."

"काय म्हणतोय तो?"

"सोडे संपले होते म्हणून चिडलाय."

"हा मात्र खरा माणूस वाटतो," मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी दुकानाचा नंबर फिरवला.

पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "आगोट, नमिता बोलते."

"तुमचं दुकान कधीपासून आहे?"

"वर्ष होईल. काय पाहिजे, काका?"

"त्याआधी काय करत होता?"

"काका, तुम्हाला सोडे पाहिजेत का जवळा?"

"सोड्यांना रंग लावता?"

"रंग? नाय ओ. आमची आजी सुकवते गच्चीवर. ऊन बघून काढते, ऊन बघून झाकते."

"आजींचं नाव?"

"आमी आजीच बोलतो."

"पुरावा काय?"

"आजी असल्याचा?" नमिताने विचारलं आणि मधुकररावांनी फोन ठेवला. उत्तरं टाळतेय, असा त्यांनी निष्कर्ष काढला. लगेच त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'आगोट या ऑनलाइन दुकानाची चौकशी सुरू आहे. निकाल येईपर्यंत व्यवहार टाळावेत. म. टिपणीस.'

मग त्यांनी गुप्त तपासणीची तयारी केली. बेत साधा होता. खोट्या नावाने एक लहानशी ऑर्डर टाकायची, पैसे पार्सल आल्यावर देऊ असं सांगायचं, आणि पार्सल गेटवरूनच परत पाठवायचं. खोटं दुकान असेल तर गप्प बसेल. खरं असेल तर फोन करून विचारेल. त्याप्रमाणे त्यांनी जवळ्याचं एक पाकीट मागवलं, प्रेमला प्रधान या नावाने.

"माझ्या आईच्या नावावर?" सरोजिनीबाईंना खरंच राग आला. "अहो, ती जाऊन किती वर्षं झाली."

"म्हणूनच. जिवंत माणसाचं नाव वापरणं बरोबर नाही."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गेटवरून बाबासो वॉचमनचा इंटरकॉम वाजला. "सायेब, प्रेमला प्रधान कोन म्हनायच्या? पार्सल आलंय त्यांचं."

"इथे असं कोणी राहत नाही," मधुकरराव म्हणाले.

जाई बाल्कनीत उभी होती. खाली एक तरुण स्कूटरवर बसून भरलेली पिशवी घेऊन परत चालला होता. "बाबा, माझी खिचडी चालली."

"तो फक्त नमुना होता. उद्या खरे सोडे येतील."

आणि फोन आला. अगदी ठरल्यासारखा आला. "प्रेमलाबाई आहेत का?" नमिताचाच आवाज.

मधुकरराव खोटं बोलायला नेहमी एकदाच तयार असायचे, दुसऱ्यांदा त्यांना जमत नसे. "त्या वारल्या," ते म्हणाले.

"अरे देवा. कधी ओ?"

"दोन हजार नऊ साली."

"मग काल ऑर्डर कोणी टाकली?"

मधुकररावांनी फोन ठेवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "फोन आला. परत आलेल्या मालाची काळजी आहे त्यांना. दुकान अस्सल आहे." लगोलग त्यांनी ग्रुपवर टाकलं : 'चौकशी पूर्ण. दुकान विश्वासार्ह. व्यवहार करण्यास हरकत नाही.' आणि ते सोड्यांची ऑर्डर टाकायला बसले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या चौकशीतून सुटली होती. मे महिना चालू होता, आणि सागरकिरणमधली निम्मी घरं पावसाळ्याचा साठा 'आगोट'मधूनच भरत होती. टिपणीसकाकांचा इशारा वाचून सगळे घाबरले होते. शुक्रवारी सकाळपासून तिसऱ्या मजल्यावरच्या उज्वलाने बोंबील परत केले, कोणी जवळा, कोणी मांदेली. तो स्कूटरवरचा तरुण जेवढं घेऊन आला होता त्यातलं जवळजवळ सगळं घेऊन गेला. वर प्रेमलाबाईंचं पाकीट.

त्यामुळे मधुकररावांनी पत्ता टाकल्याबरोबर समोर ओळ आली : 'सागरकिरण सोसायटी, सीवूड्स. पार्सल आल्यावर पैसे देण्याची सोय बंद. आधी पैसे भरावेत.'

"भरा मग," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"अनोळखी दुकानाला आधी पैसे? मी व्याख्यानात काय सांगितलं होतं?"

"आत्ताच म्हणालात ना, विश्वासार्ह आहे म्हणून?"

"विश्वासार्ह आहे. पण आधी पैसे भरायचे नाहीत."

जाई पोटावर हात ठेवून नुसती बसून राहिली. सरोजिनीबाई मात्र स्वयंपाकघरातून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात म्हणे." मधुकररावांचा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नव्हता. तरी त्यांनी डोळे मिटले आणि पैसे भरले.

थोड्याच वेळात पैसे परत आले. सोबत निरोप : 'या बिल्डिंगच्या ऑर्डर आम्ही घेत नाही. क्षमस्व.'

"बघ," मधुकरराव भारावून म्हणाले, "पैसे कसे लगेच परत केले. इतकं प्रामाणिक दुकान मी पाहिलं नाही."

"हो. फक्त सोडे देत नाही."

आणि गंमत बघा, खरोखर असंच चाललं होतं. दुकान जसजसं खरं ठरत होतं तसतसे सोडे लांब जात होते. त्यात संध्याकाळी उज्वला वर आली. "काका, तुम्ही आधी म्हणालात घेऊ नका, म्हणून मी बोंबील परत केले. मग म्हणालात घ्या. आता ते लोक आमचा फोन उचलत नाहीत. पाऊस तोंडावर आलाय, आमच्या सासूबाईंना काय सांगू?" ग्रुपवर तर लोक टिपणीसकाकांचीच सखोल चौकशी करा म्हणत होते. मधुकररावांनी फोन पालथा घातला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि ते लपवायचं कसं हे कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी ते स्वतःहूनच म्हणाले, "चला, करावेला जाऊन येऊ."

तिघं रिक्षात बसले, आणि दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. देवळामागची पिवळी बिल्डिंग पानवाल्याने मान न वळवता दाखवली. चार मजली घर, खाली गाडी, दारात जाळ्याचा ढीग, आणि आतल्या खोलीत पार्सलांच्या गराड्यात लॅपटॉप घेऊन बसलेली नमिता. मागे तो स्कूटरवाला, म्हणजे तिचा नवरा मिथुन, खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

"मी टिपणीस. सागरकिरणमधून आलोय."

नमिताचे हात थांबले. "प्रेमलाबाईंकडचे?"

"त्याचं असं झालं..." मधुकररावांनी खिशातून कंपनीचं जुनं ओळखपत्र काढलं. "हे बघा, मी विमा कंपनीत चौकशी अधिकारी होतो."

"कार्ड काय ओ, कोणीपण छापतं."

मधुकररावांनी कार्ड परत खिशात घातलं.

"तुम्हाला ओळखणारं कोण आहे?" नमिताने विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावरच्या उज्वला आहेत ना, त्या..."

"त्यांनी बोंबील परत केले."

"आमचा वॉचमन, बाबासो."

"त्याने मला तासभर उन्हात उभा केला," मिथुन मागून म्हणाला.

"काका, राग नका मानू," नमिता म्हणाली. "आमचं दुकान नवीन आहे. रोज खोट्या ऑर्डरी येतात. कोणी मजा म्हणून टाकतं, कोणी नाव बदलून. याचे हेलपाटे होतात, माल उन्हात खराब होतो. तुम्ही दुकान बघून घेता, बरोबर आहे. पण खरं गिऱ्हाईक कोणतं ते आमी कसं ओळखायचं?"

मधुकररावांनी आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले होते. खुर्चीच्या या बाजूला ते पहिल्यांदाच होते, आणि इथे बसायला खुर्चीही नव्हती. त्यांना चक्क शरम वाटली.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ते म्हणाले. "ठेवण्यासारखं मी काही केलेलं नाही. पण माझी मुलगी परवा जातेय. तिला सोड्यांची खिचडी खायचीय. तेवढं बघा."

नमिताने जाईकडे पाहिलं, मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "आजी, जरा खाली ये गो. गिऱ्हाईक बघायचंय."

जिन्यावरून आधी कठडा धरलेले हात दिसले. हिरव्या बांगड्या घातलेले, फोटोतलेच. मग हळूहळू बाकीची आजी उतरली, आणि सरोजिनीबाई पुढेच झाल्या. "अगं बाई, चांगुणाबाई?"

चांगुणाबाईंनी मधुकररावांना ओलांडून थेट जाईला गाठलं. "जाई ना तू? केवरी मोठी झालीस गो. कितवा?"

"सातवा."

"आनि मना कोनी सांगला नाय." हे वाक्य सरोजिनीबाईंना होतं.

"कुठे सांगणार? तुमचा पत्ता नव्हता की फोन नव्हता माझ्याकडे."

"तुमी कदी इचारलाच नाय." मग त्या मधुकररावांकडे वळल्या. "सायेब, बारा वर्सं मी तुमच्या दारान बसले. ही पोर परकरान होती तवा हिच्या हातावर सोडे ठेवले. आनि तुमच्या गेटवर मना बोल्ले, ओलख दाखव."

"चुकलं माझं," मधुकरराव म्हणाले. एवढं छोटं वाक्य बोलायला त्यांना बराच वेळ लागला.

"नाय, बरा जाला. त्या दिवशी टोपली घेऊन परत आले, तवा नमितानं हा फोनचा धंदा काढला. आता पयल्यापेक्षा बरा चालतंय." त्या आत गेल्या आणि कापडी पिशवी घेऊन आल्या. दुकानातली नव्हे, घरच्या डब्यातली. जाईने पिशवीचं तोंड उघडून नुसता वास घेतला आणि डोळे मिटले.

नमिताने लॅपटॉप पुढे ओढला तर चांगुणाबाईंनी तिला थांबवलं. "लिवू नको. डोहाल्याचा आमी इकत नाय."

"आणि या काकांचं काय करू?" नमिताने विचारलं.

चांगुणाबाईंनी मधुकररावांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "याना हलू हलू घे."

नमिताने मान डोलावली. "काका, तुमचं नाव चाचणीवर ठेवते. आधी लहान लहान ऑर्डरी टाका, पैसे आधी भरा. काही परत नाय केलं तर मग सोडे चालू करू. बिल्डिंग उघडते आजपासून."

निघताना मधुकररावांना राहवेना. "चांगुणाबाई, मी कमिटीत तो ठराव रद्द करून घेतो. तुम्ही पूर्वीसारख्या येत जा."

"आता कशाला?" चांगुणाबाई म्हणाल्या. "गुडघे दुखतात माजे. पार्सल येल की."

रविवारी खिचडी झाली. वास असा सुटला की उज्वला वाटी घेऊनच वर आली. जाई दोनदा वाढून घेऊन जेवली, आणि मध्येच आईचा हात ओढून पोटावर ठेवत म्हणाली, "बघ, यालाही आवडली." मधुकरराव ताटावरून उठून खिडकीपाशी गेले आणि उगाच बाहेर बघत उभे राहिले. सरोजिनीबाईंनी ते पाहिलं आणि या वेळी त्या टोचून बोलल्या नाहीत.

जाई गेल्यावर मधुकररावांनी 'आगोट'बद्दल भला मोठा अभिप्राय लिहिला. सोड्यांचा रंग, वास, भिजवल्यावर पाणी स्वच्छ राहतं हेही. पाच तारे दिले. अभिप्राय खरा वाटावा म्हणून खाली स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला.

पुढच्या आठवड्यात त्यांना एक फोन आला.

"तुम्हीच का ते टिपणीस? 'आगोट'वर लिहिलंय ते?" कोणा वयस्कर गृहस्थाचा आवाज होता. ऐरोलीहून बोलतोय म्हणाला.

"हो, मीच."

"खरे आहात, की दुकानवाल्यांनी बसवलंय?"

"म्हणजे काय? खराच आहे मी."

"पाच तारे दिलेत म्हणून विचारतोय. मालकीण नात्यातली असेल."

"अजिबात नाही."

"मग इतकं चांगलं कोण लिहितं हो? पुरावा काय?"

मधुकररावांना राग आला, हसूही आलं, आणि त्या माणसाबद्दल एकदम जिव्हाळाच वाटायला लागला. "असं करा," ते म्हणाले, "रविवारी आमच्याकडे जेवायलाच या. लेकीच्या पिशवीतले मूठभर सोडे उरलेत. खिचडी खाऊन बघा, मग ठरवा." त्यांनी बिल्डिंगचं नाव सांगितलं, मजला सांगितला, रिक्षा कुठे सोडायची ते सांगितलं, आणि गेटवर निरोप ठेवतो, कोणी अडवणार नाही, असंही सांगून टाकलं.

फोन ठेवल्यावर सरोजिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "कोण येतंय रविवारी?"

मधुकररावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"अहो," सरोजिनीबाई म्हणाल्या, "निदान माणूस खरा आहे का, एवढं तरी बघायचं होतंत."